'एक पालक' यांना उत्तर : बुडापेस्टचं हॉस्टेल आणि शेजाऱ्यांची झोप

नमस्कार.

बुडापेस्टमध्ये रात्र जागवायची तर राहायचं कुठे, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही 'एक पालक' या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. 'धन्यवाद, मुद्दा नोंदवला' म्हणून सोडून देण्यासारखी ती नाही, म्हणून उत्तर लांबतंय. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमचा मुलगा म्युनिकला शिकतो. माझा लेख वाचून त्याने दोन मित्रांबरोबर नोव्हेंबरात बुडापेस्टला जायचं ठरवलंय, आणि तुमच्या मते मी त्याला दारूच्या अड्ड्यावर झोपायला पाठवतेय. तिघांनी मिळून फ्लॅट घेतला तर माणशी तेवढेच पैसे पडतात, मग अनोळखी लोकांच्या खोलीत पासपोर्ट उशाखाली ठेवून का झोपायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. आणि तिसरा तुम्ही जाता जाता विचारलाय: 'आपल्या खिडकीखाली रात्री दोन वाजता परदेशी पोरं आरडाओरडा करायला लागली तर आपण काय म्हणू?'

तिसऱ्यापासून सुरुवात करते. पहिल्या दोन्हींची उत्तरं बरीचशी त्यातच सापडतात.

बुडापेस्टची रात्र म्हणजे मुख्यतः सातवा विभाग, एर्झेबेतवारोश. हा शहरातला सर्वांत दाट वस्तीचा भाग आहे आणि बार आणि क्लब तिथे घरांना लागूनच, कधी घरांच्या खालीच आहेत. याला कारण आहे. हा जुना ज्यू मोहल्ला. 1944-45च्या हिवाळ्यात इथेच घेटोची, म्हणजे ज्यूंना सक्तीने कोंडलेल्या वस्तीची, भिंत उभी होती. युद्धानंतर कित्येक दशकं या इमारतींकडे कुणी लक्ष दिलं नाही, बऱ्याच रिकाम्या पडल्या, काही पाडायच्या यादीत गेल्या. 2002 साली अशाच एका पडक्या जागेत सिम्प्ला केर्त नावाचं बारचं ठिकाण सुरू झालं. दोन वर्षांनी ते काझिन्त्सी रस्त्यावरच्या एका जुन्या शेगडीच्या कारखान्यात गेलं आणि आजही तिथेच आहे. मोडक्या खुर्च्या, अंगणात कापून ठेवलेली जुनी ट्राबांट गाडी, वर उघडं आकाश. त्याच्या मागोमाग आजूबाजूच्या अंगणांत असेच बार निघाले. पण शेजारच्या इमारतींमधली म्हातारी माणसं कुठे गेली नव्हती.

या इमारतींची रचना गिरगावात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मधे चौक, चारही बाजूंना प्रत्येक मजल्यावर सलग गॅलरी, आणि त्या गॅलरीत एकेका घराचं दार. आपली चाळच, फक्त छत दुप्पट उंच आणि कठड्याला लोखंडी नक्षी. अशा चौकात तळमजल्यावर कुणी सुटकेसची चाकं फरशीवरून नेली तरी चौथ्या मजल्यावर कळतं. आता कल्पना करा, या गॅलरीतला एक फ्लॅट दर दोन दिवसांनी नव्या टोळक्याला भाड्याने जातो. किल्ली दाराबाहेरच्या कुलूपपेटीत, मालक भलत्याच शहरात. रात्री तीनला पोरं येतात, कोड आठवत नाही, मग गॅलरीत उभं राहून एकमेकांना हाका मारतात. शेजारच्या आजींनी तक्रार करायची कुणाकडे?

इथल्या लोकांनी या प्रश्नावर मतदानही करून पाहिलंय. फेब्रुवारी 2018मध्ये सातव्या विभागात सार्वमत झालं: मध्यरात्रीनंतर सकाळी सहापर्यंत बार बंद ठेवायचे का? फार थोडे लोक मतदानाला आले, ते रद्द ठरलं. पण किराय रस्ता ओलांडला की सहावा विभाग लागतो, तेरेझवारोश. तिथे 2024च्या सप्टेंबरात घरांतल्या अल्पकालीन पर्यटक भाड्यावर मतदान झालं आणि लोकांनी ते बंद करायचा कौल दिला. 1 जानेवारी 2026पासून ती बंदी लागू आहे. म्हणजे तुम्ही ज्या फ्लॅटला सभ्य पर्याय म्हणता, तोच तिथल्या रहिवाशांना सर्वांत जास्त खुपला. तुमच्या मुलाने सहाव्या विभागात स्वस्तातला फ्लॅट पाहून ठेवला असेल, तर तो कायद्यात बसतो का, हेही विचारायला सांगा.

हॉस्टेलवाले संत आहेत असं मी म्हणत नाही. पण हॉस्टेलला दारावर पाटी असते, रिसेप्शनवर रात्रभर माणूस असतो, आणि शेजाऱ्यांशी रोजची गाठ असते. म्हणून तिथल्या अनेक हॉस्टेलांत दहा वाजले की चौकात आवाज बंद. गप्पा मारायच्या तर आत कॉमन रूममध्ये, नाहीतर सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं. रात्री दहा-साडेदहाला हॉस्टेलचा माणूस वीस जणांना घेऊन बारच्या फेरीला निघतो, त्यात मौजेइतकाच हिशेब आहे: इमारत रिकामी करायची असते.

गजबजलेलं हॉस्टेल निवडताना मी म्हणूनच गजबज किती आहे यापेक्षा ती कुठे आणि कधी थांबते ते पाहते. बार किंवा कॉमन रूम कोणत्या मजल्यावर, आणि झोपायच्या खोल्या कोणत्या? रात्री किती वाजता बार बंद होतो? 'आमच्याकडे चोवीस तास पार्टी' असं अभिमानाने लिहिलेलं असेल, तर त्यांना ना शेजाऱ्यांची फिकीर ना पाहुण्यांची. असं ठिकाण मी सोडते. एकाच फ्लॅटची मधली खोली म्हणजे बार आणि आजूबाजूच्या खोल्यांत एकावर एक बंक बेड, असंही हॉस्टेल असतं. वीस वर्षांच्या पोरांना ते दोन रात्री भन्नाट वाटतं. तिसऱ्या रात्री तेच पोर कानात बोळे घालून रिसेप्शनपुढे उभं असतं.

आता पैशाचं. तुमचा हिशेब चुकीचा नाही. तिघांनी फ्लॅट घेतला तर माणशी भाडं हॉस्टेलच्या बेडच्या जवळपास येऊ शकतं, विशेषतः शनिवारी. पण फ्लॅटच्या भाड्यावर साफसफाईचे पैसे असतात, ते दोन रात्रींवर वाटले की आकडा फुगतो. (पर्यटक कर दोन्हीकडे लागतो आणि तो बऱ्याचदा शेवटच्या पानावरच दिसतो.) शिवाय बेडचा भाव वारावर चढतो-उतरतो. मंगळवारचा आणि शनिवारचा बेड एकच, दर मात्र कधी दुप्पट. ऑगस्टात सिगेत हा संगीत महोत्सव, 20 ऑगस्टची राष्ट्रीय सुट्टी, उन्हाळ्यातच येणारी फॉर्म्युला वनची शर्यत, या दिवसांत तर स्वस्त हा शब्दच विसरायचा. नोव्हेंबर त्या मानाने उत्तम. आणखी एक फायदा: जुन्या इमारतींत सगळीकडे एसी नसतो, उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात आणि मग रस्त्यावरची सगळी गाणी आत येतात. थंडीत दुहेरी काचा बंद, वर जाड भिंती. झोप लागते.

वाराचं अजून एक गुपित आहे, ते मूळ लेखात नीट आलं नव्हतं. शुक्रवार-शनिवारी बुडापेस्टला स्वस्त विमानांनी लग्नाआधीच्या 'स्टॅग' पार्ट्यांचे घोळके उतरतात, ब्रिटनमधून तर खूपच. ते आपापसांतच बोलतात. त्यांच्या गोंगाटात तुमच्या मुलाला नवा माणूस भेटायची शक्यता कमी. बुध-गुरुवारी रस्ते जरा शांत असतात, पण हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एकेकटे फिरणारे लोक जास्त सापडतात. मला विचाराल तर हॉस्टेलसाठी गुरुवार हाच खरा शनिवार. काही हॉस्टेलं मोठ्या गटांचं बुकिंगच घेत नाहीत, काहींनी वयाची वरची मर्यादा ठेवलीय. नियमांच्या पानावर हे दिसलं की मला ते ठिकाण आवडू लागतं.

चोरी आणि अनोळखी लोक. 2021पासून हंगेरीत कुठल्याही निवासाला पाहुण्याचं ओळखपत्र स्कॅन करून सरकारी यंत्रणेत नोंदवावंच लागतं. त्या खोलीतला प्रत्येक जण कोण आहे हे लिहिलेलं असतं. तुमच्या मुलालाही मूळ पासपोर्ट दाखवावा लागेल, मोबाइलमधला फोटो चालणार नाही. जर्मनीचं निवास परवाना कार्डही बरोबर हवं. दोन्ही वस्तू नंतर उशाखाली नाही, लॉकरमध्ये. लॉकर असतो, पण कुलूप बऱ्याचदा आपलं न्यावं लागतं, आणि ते नेहमीच्या बॅगेच्या चिमुकल्या कुलुपापेक्षा जाड हवं. खोली सहा किंवा आठ जणांची बरी. चार जणांच्या खोलीत तिघं आधीपासून एकमेकांचे मित्र असले की चौथा उपरा होतो, आणि बारापेक्षा जास्त जणांच्या खोलीत कुणी ना कुणी पहाटे चारला प्लॅस्टिकच्या पिशव्या चाळवतोच. मुलींनी विचारलं होतं म्हणून सांगते: मी स्वतः बहुतेक वेळा फक्त मुलींच्या खोलीत राहते. दर किंचित जास्त असतो, तो मी देते.

हॉस्टेलवर्ल्डसारख्या साइटवर एकूण गुण पाहून काही कळत नाही. तिथे सुरक्षितता, स्वच्छता, वातावरण, जागा यांचे गुण वेगवेगळे दिलेले असतात. वातावरणाला भरभरून आणि स्वच्छतेला जेमतेम, अशी तफावत दिसली की बाथरूमची अवस्था ओळखावी. मग अलीकडच्या दोन महिन्यांतले अभिप्राय, आणि त्यातही एकट्या आलेल्यांचे. 'स्टाफ अप्रतिम' सगळेच लिहितात. रात्री तीनला किल्ली हरवली तेव्हा काय झालं, हे लिहिणारा एखादाच भेटतो. त्याचं खरं मानायचं.

दारूबद्दल तुमची भीती मला पटते, तरीही तुमचा निष्कर्ष पटत नाही. त्या भागात दारू रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. फ्लॅटमध्ये राहिलं म्हणून ती लांब जात नाही. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. बारच्या फेऱ्यांमध्ये पहिला तासभर 'हवी तेवढी प्या' असा प्रकार असतो, तिथे लोक उपाशीपोटी सुरुवात करतात आणि अकरालाच आडवे होतात. पालिंका ही फळांची दारू किमान साडेसदतीस टक्क्यांची असते, चव गोड वाटते म्हणून फसू नये. हंगेरीतली माणसं स्वतः संध्याकाळभर फ्रोच पितात, म्हणजे वाइनमध्ये सोडा. त्यातही होस्सूलेपेश मागवला तर एक भाग वाइन आणि दोन भाग सोडा. स्वस्त पडतो, ग्लास मोठा दिसतो, आणि हात रिकामा दिसत नाही, म्हणून कुणी आग्रहही करत नाही. न पिणाऱ्यांनी नुसता सोडा घेतला तरी कुणी वळून पाहत नाही. ज्या हॉस्टेलात संध्याकाळी सगळे मिळून स्वयंपाक करतात ते न पिणाऱ्याला सर्वांत सोयीचं, कारण ओळखी ग्लासावर नाही, ताटावर होतात. (शाकाहाराचं विचारणाऱ्यांना: सिम्प्लाच्या शेजारीच खाऊगल्ली आहे, लांगोश मिळेल. आपली भटुऱ्याची तळणी आठवेल इतकी तेलकट, पण भूक भागते.)

खरी काळजी करायचीच असेल तर ती वात्सी रस्त्याची करा, तोही हॉस्टेलच्या वस्तीपासून पायी थोड्याच अंतरावर आहे. दोन सुंदर मुली एकट्या मुलाला रस्ता विचारतात, मग 'इथलाच एक बार आहे' म्हणून नेतात, आणि बिल येतं तेव्हा दारात दोन धिप्पाड माणसं उभी असतात. हा प्रकार इतका जुना आहे की अमेरिकी दूतावासाने अशा ठिकाणांची नावंही जाहीर केली होती. हॉस्टेलच्या रिसेप्शनवर पहिल्याच दिवशी हे सांगतात. फ्लॅटच्या कुलूपपेटीत ही माहिती नसते.

परतीच्या वाटेचं मूळ लेखात आलंय, तरी तुमच्यासाठी पुन्हा. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते. पण मोठ्या रिंगरोडवरून जाणारी सहा नंबरची ट्राम रात्रभर चालते, शिवाय नऊशेच्या आकड्यांच्या रात्रीच्या बस आहेत. बेड काझिन्त्सी रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर असावा, किंवा सहाच्या ट्रामच्या थांब्याजवळ. ऐन काझिन्त्सीवर मात्र नको. तिथे खिडकीखालची ती 'परदेशी पोरं' तुमच्या मुलाच्याच खिडकीखाली असतील. डेआक तेर या मध्यवर्ती चौकाच्या बाजूला विमानतळाची बस थांबते, रेल्वेने येणाऱ्याला केलेती स्टेशन जवळ पडतं. म्युनिकहून थेट गाडी सातेक तासांत केलेतीला येते, म्हणून मी त्या बाजूचा, रिंगरोडच्या आसपासचा पत्ता शोधला असता.

तेव्हा मुलाला सांगायचं असेल तर एवढं सांगा: गुरुवारी पोहोचावं, तिघांनी एकाच खोलीत बेड न घेता दोन खोल्यांत घ्यावेत (नाहीतर तिघंही रात्रभर मराठीतच बोलत बसतील), आणि रविवारी सकाळची गाडी धरू नये. सिम्प्लाच्या अंगणात रविवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. चीज, मध, ताजा ब्रेड. शनिवारी रात्री ज्या टेबलावर ग्लास होते तिथेच आजूबाजूच्या इमारतींमधल्या आजी टोपल्या घेऊन येतात. त्यांच्या झोपेबद्दल तुमच्या मुलाने त्यांनाच विचारलेलं बरं. दुपारची गाडी धरली तर सोमवारच्या पहिल्या तासाला तो वर्गात असेल.