लेडी डॉक्टरची गाडी

मंगळवारी सकाळी साडेनऊला नळ स्टॉपच्या सिग्नलला माझी गाडी बंद पडली. सिग्नल हिरवा होता. पुढे सगळं मोकळं, मागे सगळं तुंबलेलं, आणि मध्ये मी किल्ली फिरवतोय. सेल्फ नुसता ‘टक’ म्हणायचा आणि गप्प बसायचा.

पुण्यात गाडी बंद पडली की पहिल्या मिनिटाला हॉर्न वाजतात आणि दुसऱ्या मिनिटाला काका येतात. माझ्या वाट्याचे काका सत्तरीचे. खाली ट्रॅक पँट, वर कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी आणि तिच्यातून हातभर बाहेर आलेल्या शेवग्याच्या शेंगा. त्यांनी काचेवर टकटक केली.

“बॉनेट उघडा.”

मी घाईत खटका ओढला. मागे पेट्रोलचं झाकण उघडलं. मग दुसरा ओढला, तेव्हा बॉनेट. तीन वर्षं मालक आहे मी या गाडीचा, पण मागे बसवाला हॉर्नवर बसलेला असताना डावं-उजवं कुणाला सुचतंय!

काकांनी पिशवीतून एक शेंग उपसली आणि मास्तर फळ्यावर छडी ठेवतात तशी आत ठेवली. “ही बॅटरी.”

“हो.”

“आणि हे टर्मिनल. बघा काय अवस्था आहे!”

टर्मिनलवर लोणच्याला यावा तसा पांढरा-हिरवा बुरा चढला होता. इथवर काका अगदी बरोबर होते, हे मला आजही कबूल करावं लागतं. पण शेंग पुढे सरकली.

“कार्बोरेटर कधी साफ केला होतात?”

“काका, यात कार्बोरेटर नसतो. इंजेक्शनची आहे.”

काकांनी क्षणभर विचार केला. “काढून घेतला असेल त्याने.”

“कुणी?”

“ज्याने विकली त्याने! आमच्याकडे मारुती ८०० होती. शहाऐंशी साली घेतलेली. चोक ओढला की एका दमात सुरू.” तेवढ्यात बसवाल्याने पुन्हा भोंगा दिला. काकांनी त्याच्याकडे न बघताच शेंग उंचावली. “थांबा हो, बघतोय ना आम्ही!” आणि खरं सांगतो, बसवाला थांबला. मी हात जोडले होते तेव्हा थांबला नव्हता.

“केवढ्याला घेतलीत?”

हा प्रश्न त्यांनी इतक्या मोठ्यांदा विचारला की शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनीही उत्तरासाठी मान वळवली. “दोन लाख चाळीस.” बाईंनी मान परत फिरवली.

“कुणाची होती?”

“एका लेडी डॉक्टरची. घर ते दवाखाना, एवढीच चालायची.”

इथे मला स्वतःचाच आवाज ऐकू आला. राज्यातल्या सगळ्या सेकंडहँड गाड्या खरंच लेडी डॉक्टरांच्या असत्या, तर एकाही प्राथमिक आरोग्य केंद्रात जागा रिकामी राहिली नसती. पण २०२२ साली मी हे वाक्य ऐकलं आणि विरघळलो. मीटरवर ४२ हजार किलोमीटर होते. ब्रेकच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालं होतं, ते मी डोळ्यांनी बघितलं आणि मनात म्हणालो, डॉक्टरीणबाई हिल्स घालत असतील.

मग सुरू झालं. सहाव्या महिन्यात क्लच प्लेट, सोबत प्रेशर प्लेट आणि बेअरिंग. ‘गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर बदलूनच टाकू साहेब’ या वाक्यापुढे माणसाचं काही चालत नाही. मग स्पीडब्रेकरवर पुढच्या चाकाखाली कुणी अडकित्त्याने सुपारी कातरतंय असा आवाज. ते निघाले लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश. मग उन्हाळ्यात काटा लालमध्ये गेला. रेडिएटर उघडला तर कूलंटच्या जागी उकळलेल्या चहाच्या रंगाचं पाणी, कारण आधीच्या मालकाने कूलंटवर पैसे न घालवता वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं होतं. आतून गंजच गंज. बरं, त्या मालकाचा पन्नास टक्के नो क्लेम बोनस होता, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. तो गाडीचा नसून माणसाचा असतो, हे मला विम्याचा हप्ता भरताना कळलं. म्हणजे बोनस त्यांनी नेला आणि गंज मला ठेवला. मध्यंतरी ती नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही बसवली, जीएसटीसकट ८७९ रुपये. आज गाडीत घट्ट बसलेली तेवढी एकच वस्तू आहे.

असो. काका आता टायरपाशी उकिडवे बसले होते.

“हे बघा. इथे चार आकडे असतात. २२१८. म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. गाडी कधीची?”

“२०१५.”

“म्हणजे पहिले टायर तीन वर्षांत संपले. टायर किती चालतो? चाळीस हजार धरा. तुम्ही घेतलीत तेव्हा मीटर किती?”

“बेचाळीस.”

काका उठले, गुडघा कडकन वाजला. “म्हणजे चाळीस हजार अठरा सालीच झाले होते. मग पुढची चार वर्षं डॉक्टरीणबाई काय गाडी देव्हाऱ्यात ठेवून चालत दवाखान्यात जायच्या?”

मी उत्तर दिलं नाही. तीन वर्षं हा आकडा माझ्या गाडीच्या चारही टायरांवर लिहिलेला होता. मी त्या टायरांत हवा भरली, त्यांना नारळ फोडले, दसऱ्याला झेंडू वाहिले. आणि एका भाजी घेऊन निघालेल्या माणसाने भर चौकात, दोन मिनिटांत, स्कूटरवरच्या बाईंसमोर... यात त्यांचा काही दोष नाही. तरी तेव्हा त्या शेंगेचे दोन तुकडे करावेसे वाटले, हेही खरं.

शेवटी मागून एक रिक्षावाला उतरून आला. “काका, भाषण नंतर. धक्का मारा.” काकांनी लगेच पोटावर हात ठेवला. “माझं हर्नियाचं ऑपरेशन झालंय.” मग रिक्षावाला आणि कॉलेजची दोन पोरं यांनी धक्का दिला आणि काका शेजारून चालत ओरडत राहिले, “दुसरा! दुसरा टाका! क्लच सोडा! आता! अहो आता!”

गाडीने एक गचका दिला आणि सुरू झाली. आरशात काका शेंग हलवताना दिसले. मला वाटलं, निरोप देताहेत. मीही हात बाहेर काढून हलवला.

निरोप नव्हता तो. पेट्रोलचं झाकण उघडंच होतं.

ते मला पौड फाट्याला एका मुलीने सांगितलं. पण आता थांबून इंजिन बंद कोण करणार? वारज्याच्या गॅरेजपर्यंत आणखी सहा जणांनी सांगितलं. मी प्रत्येकाला “हो हो, थँक्यू” म्हटलं. एक बाईकवाला तर दोन सिग्नल पाठलाग करत आला, कारण पहिल्यांदा मला नीट ऐकू आलं नसावं अशी त्याची समजूत झाली.

गॅरेजमध्ये पोचलो. मेकॅनिक हात पुसत बाहेर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि गंभीरपणे म्हणाला, “साहेब, झाकण उघडंय.”

टर्मिनल, सेल्फचे कार्बन आणि मजुरी मिळून २,६५० रुपये झाले. झाकण त्याने फुकट लावलं.