वस्ताद सत्त्याहत्तरचा नाही

काल सकाळी रंकाळ्यावर परत तेच. फिरायला आलेल्या एका काकांनी आमच्या कुत्र्याकडे, वस्तादकडे बघत विचारलं, "किती वर्षांचं हाय ओ?" म्हटलं, अकरा. काकांचा हिशोब तयारच, कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात. "म्हणजे सत्त्याहत्तर! लई झालं की!"

या सातच्या पाढ्याचा मला आता खरोखर राग येतो. बहुधा माणूस सत्तर जगतो, कुत्रं दहा, म्हणून भागाकार करून कुणीतरी सात काढले असावेत. मग वर्षाची कुत्री म्हणजे सात वर्षांची पोरगी? अहो, तेवढ्या वयात गल्लीतल्या कुत्रीला पिल्लंसुद्धा झालेली असतात. आपला शेतकरी बैलाला कधी कशाने गुणतो का? तोंड उघडून बघतो आणि सांगतो, दोन दाती, चार दाती, जुळलेला. संपला विषय.

अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेचा ठोकताळा त्यातल्या त्यात शहाणा आहे. मध्यम अंगाच्या कुत्र्याचं पहिलं वर्ष माणसाच्या १५ वर्षांएवढं, दुसरं ९ वर्षांएवढं, पुढचं प्रत्येक साधारण ५. ग्रेट डेनसारखी थोराड कुत्री लवकर म्हातारी होतात, छोटी जास्त जगतात. हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, पण कुत्र्यांच्यात नेमकं उलटं!

२०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या संशोधकांनी तर १०४ लॅब्राडॉर घेतले, वयाप्रमाणे डीएनएवर बदलत जाणाऱ्या रासायनिक खुणा माणसांच्या खुणांशी ताडून बघितल्या आणि सूत्रच मांडलं. कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम (कॅल्क्युलेटरवरचं ln बटण), गुणिले १६, अधिक ३१. पोरीच्या कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. एक वर्षाचं कुत्रं ३१ चं निघालं. आमच्या पेठेत एकतीस म्हणजे स्थळं बघून बघून घरचे टेकीला आलेलं वय. वस्तादनं त्या वयात माझ्या कोऱ्या कापशी चपलेचा अंगठा खाल्ला होता. चार वर्षांचं कुत्रं ५३ चं. म्हणजे सुरुवातीला वय धावतं, मग चालायला लागतं. हे मात्र पटलं. डोळ्यांनी बघितलंय.

आता वस्ताद काही लॅब्राडॉर नाही, अस्सल गावठी. तरी दोन्ही हिशोब त्याला लावले. गंमत म्हणजे दोन्हीकडून ६९ च आले.

घरी येऊन आईला सांगितलं. ती पण एकोणसत्तरचीच. तिनं पोळपाटावरून मान वर केली नाही. म्हणाली, "गुडघं धरल्यात त्याचं, माझ्यागत. आणि तू त्याला रोज माडी चढाय लावतोस."

मी आठवडाभर बघत होतो, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो थांबतो. मला वाटायचं, आळस. आमचे डॉक्टर दोन वर्षांपासून सांगतायत, आता सहा महिन्यांनी एकदा दाखवत जा. मी इकडे लॉगॅरिदम काढत बसलोय.

काल रात्री त्याचं पोतं माडीवरून खाली आणलं. सोप्यात, आईच्या कॉटशेजारी. दोघंही घोरत होते.