फोन दिसतो आणि गायब होतो: राजारामपुरीच्या वाचकाला उत्तर

तुमची तक्रार थोडक्यात अशी: दुकानातल्या डेस्कटॉपवर विंडोज, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकात दुसरा, आभासी संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) उबुंटू ही लिनक्स प्रणाली. शाओमीचा फोन लावला, यूएसबी फिल्टर (कोणतं उपकरण आतल्या उबुंटूला द्यायचं हे सांगणारा नियम) टाकला, फोन आत दिसला. पण डिबगिंग (संगणकावरून फोनला आज्ञा देऊ देणारी सोय) चालू करताच गायब. त्यावर तुमचा शेरा, ‘हे प्रकरणच बेभरवशाचं आहे, तुम्ही सरळ वायफाय वापरा म्हणून सांगायचं होतं.’

शेरा पटला नाही. फोन गायब होत नाही, तो नाव बदलतो. यूएसबीवर प्रत्येक उपकरण व्हेंडर आयडी (कंपनीचा क्रमांक) आणि प्रॉडक्ट आयडी (उपकरणाचा क्रमांक) सांगतं. शाओमीचा व्हेंडर आयडी २७१७. नुसत्या फाइल ट्रान्सफरला प्रॉडक्ट आयडी एफएफ४०, डिबगिंग चालू केलं की एफएफ४८. अधिकच्या चिन्हावर क्लिक करून फिल्टर घेतला की व्हर्च्युअलबॉक्स त्या क्षणीचे सगळे रकाने भरून टाकतो. मग एफएफ४८ आला की फिल्टरच्या लेखी तो परका फोन, आणि विंडोज त्याला आपल्याकडे ओढून घेतं.

फिल्टर उघडा, व्हेंडर आयडी ठेवा, प्रॉडक्ट आयडी आणि रिव्हिजन रिकामे करा. केबल काढून परत लावा, कारण फिल्टर नव्याने जोडलेल्या उपकरणालाच लागतो. दुकानात एकाच कंपनीचे दोन फोन एकदम लावत असाल तर सीरियल नंबरही राहू द्या, नाहीतर गिऱ्हाइकाचा दुसरा फोनही आत ओढला जाईल.

तरीही आत येत नसेल तर टास्क मॅनेजरमध्ये बघा, विंडोजवर एडीबी (डिबगिंगसाठी फोनशी बोलणारा संगणकावरचा प्रोग्रॅम) चालू आहे का. असेल तर बंद करा. बाहेर त्याने फोन धरून ठेवला की आत मिळत नाही. उबुंटूत ‘अनऑथराइज्ड’ आलं तर घाबरू नका. आतल्या एडीबीची किल्ली वेगळी असते, म्हणून फोन परवानगी पुन्हा विचारतो. स्क्रीन उघडून ‘अलाउ’ करा. आणि केबल एकदा तपासा. स्वस्तातल्या बऱ्याच केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, नुसतं चार्जिंग होतं.

आता वायफाय. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डिबगिंग आहे आणि व्हर्च्युअल मशीन नॅटवर (विंडोजच्या आडून नेटवर्क वापरायची पद्धत) असलं तरी चालतं, कारण जोडणी आतून बाहेर जाते. फोन आपोआप सापडत नाही, पत्ता हाताने द्यावा लागतो. जोडी जुळवायचा (पेअरिंगचा) पोर्ट क्रमांक वेगळा, कनेक्ट करायचा वेगळा. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. उलट फोनच्या ब्राउझरमधून व्हर्च्युअल मशीनवरची साइट उघडायची असेल तर नॅट सोडून ब्रिज्ड अडॅप्टर घ्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता मिळतो. गेस्ट वायफायवर मात्र राउटर बहुतेक वेळा उपकरणांना एकमेकांशी बोलूच देत नाही.

पण तुमचं काम बूटलोडरचं, म्हणजे अँड्रॉइडच्या आधी सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमचं. त्यासाठी फोन ज्या फास्टबूट अवस्थेत न्यावा लागतो तिथे वायफाय नसतंच, केबलला पर्याय नाही. तिथे तर शाओमीचे बरेच फोन व्हेंडर आयडीसुद्धा बदलून गूगलचा १८डी१ सांगतात. त्याचा दुसरा फिल्टर आधीच टाकून ठेवा.

गिऱ्हाइकाचा फोन फ्लॅश करायचा (त्यात प्रणाली नव्याने भरायची) असेल तर व्हर्च्युअल मशीन टाळा, पेन ड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह (संगणकात न बसवता) चालवा. मधला एक थर कमी होतो. आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर आपल्याकडच्या पावसाळ्यात, वीज कधीही जाते तेव्हा, फ्लॅशिंगला हातच लावू नका.