शेजारच्या वहिनी आहेत की!

ऐंशीच्या पुढची आई एकटी राहते, सांभाळायला ब्युरोची बाई आहे, आणि ती बाई एक दिवस आलीच नाही तर काय, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर तो आधी मनातून काढून टाका. येईल. न येऊन जाते कुठे? गौरी-गणपतीला सगळ्या गावाला जातात हे खरं, पण गणपती काय, दरवर्षी अचानकच येतात. कॅलेंडरात वर्षभर आधी छापलेले असले म्हणून काय झालं!

बदली बाईची चौकशी आधी करून ठेवू नये. पैसे घेताना ब्युरोवाला 'रिप्लेसमेंट देऊ' म्हणाला होता ना? मग झालं. आयत्या वेळी तो फोन उचलत नाही. उचललाच तर 'मॅडम, सणाचे दिवस आहेत, डबल पडतील' म्हणतो. शेवटी पाठवतो ती मुलगी दारातूनच विचारते, 'पेशंट चालतं का?' आणि दुसऱ्या दिवशी तीही येत नाही.

कॅमेरा मात्र बसवा. आमच्या समोरच्या आजींकडे आहे. मुलगा न्यू जर्सीत बसून आईवर लक्ष ठेवतो. कॅमेरा हॉलमध्ये आणि आजी पडल्या बेडरूममध्ये, एवढंच काय ते चुकलं. हॉलमधला सोफा सुखरूप असल्याचं त्याला रात्रभर स्पष्ट दिसत होतं.

दाराला आतून कडी हवीच. शेजारी किल्ली ठेवली असली तरी तिचा उपयोग होता कामा नये.

गोळ्यांची यादी करू नका. आईला तोंडपाठ असतं.

हॉस्पिटलचे कागद एका जागी ठेवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळा. गेल्या महिन्यात मला जी मजा आली ती तुमच्याही शेजाऱ्यांना यायला हवी. रात्री साडेअकराला फोन, 'वहिनी, जरा बघता का, आई फोन उचलत नाहीये.' गेले बघायला. वॉचमनने सुताराला उठवून आणलं, कडी तोडली, तोवर साडेबारा वाजले. १०८ ची गाडी आली, हॉस्पिटल गाठलं. कॅज्युअल्टीतल्या पोरगेल्या डॉक्टरने पहिला प्रश्न केला, 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?' खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करायचं तर त्याला हे आधी कळायलाच हवं. माझ्या हातात आजींची गोळ्यांची पिशवी. प्रत्येक पट्टी केमिस्टने कात्रीने कापून दिलेली, नाव पलीकडच्या तुकड्यावर गेलेलं. एकीवर 'स्प्रिन ७५' एवढंच उरलेलं, दुसरीवर नुसतं 'एमजी'. आजी कण्हत कण्हत सांगत होत्या, 'सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी.'

मग काउंटर. पेशंटशी नातं? शेजारी. मुलगा कुठंय? अमेरिकेत, मीटिंगमध्ये. मेडिक्लेमचं कार्ड? त्याच्या ईमेलमध्ये. आधार? कपाटात. कपाटाची किल्ली? गावाला गेलेल्या बाईला माहीत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. योजनेतल्या हॉस्पिटलात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. तेही काढायला घेतलं होतं म्हणे, ओटीपीपाशी अडलं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा, तो इथे असतानाचा, केव्हाच बंद पडलेला. बाहेर रिक्षा नाही, आत खुर्ची नाही, आणि ॲडव्हान्स भरल्याशिवाय बेड नाही. भरला माझ्या कार्डावर. सहीही मीच केली, 'जबाबदार नातेवाईक' असं छापलेल्या रेषेवर. ऑपरेशनच्या आधी मुलाचा मेसेज आला, 'सेकंड ओपिनियन घेतलंत का?'

बँकेचं खातं आईच्या एकटीच्या नावावर असू द्या. नॉमिनी म्हणून वडील आहेतच. ते वारले, हा तपशील झाला. (तसेही नॉमिनीला आईच्या हयातीत खात्यातून रुपया काढता येत नाही. त्यासाठी 'दोघांपैकी कोणीही' असं जॉइंट खातं लागतं. पण इतक्या खोलात कोण जातं?)

फॅमिली ग्रुपवर न विसरता कळवा. जोडलेल्या हातांची रांग लागते. ठाण्याची भाची लिहिते, 'काही लागलं तर नक्की सांग.' काही लागलं की तिचं नेट जातं.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे माहिती मिळते. २००७ च्या कायद्याने मुलांकडून पोटगी मागता येते. रात्री दीड वाजता स्ट्रेचरपाशी उभं राहणारं माणूस मात्र यातून मिळत नाही. त्यासाठी एकच योजना, 'शेजारच्या वहिनी आहेत की'. खर्च शून्य, अर्ज नाही, आणि वहिनींना कळवायचीही गरज नाही.

का नाही रे गरज? एकदा विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते का? माझ्याही घरात सासरे अंथरुणाला आहेत. त्यांना एकटं सोडून मी त्या रात्री बाहेर पडले, हे तुला माहीत तरी आहे का? तू रोज फोन करतोस, दिसतं मला. पण पडलेलं माणूस फोनने उचललं जात नाही. आणि 'वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू' असला मेसेज पुन्हा पाठवू नकोस. आधी ॲडव्हान्सचे पैसे फेड.

डिसेंबरात येतोयस म्हणे. दिवाळी त्याच्या आधी आहे आणि बाई पुन्हा गावाला जाणार आहे. तारखा मला सांगितल्या तिने, तुला नाही. तेव्हा आत्ताच ऐक. ती नवी कडी काढायला लाव, बाहेरून किल्लीने उघडेल असं लॅच बसव. बाथरूमचीही कडी काढ. आधारवर आईचा स्वतःचा, चालू नंबर घाल. गोळ्यांची नावं, डोस, डॉक्टरचा फोन मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लाव, आणि गोळी बदलली की कागदही बदल. तुझ्या मामेभावाला नाहीतर मला, पण कुणातरी एकाला नीट विचारून सांग की सही तुम्ही करायची, पैसे अमुक खात्यात ठेवलेत. आणि बदली बाई पहिली असतानाच शोध. आठवड्यातून एक दिवस तिला पगार देऊन आत्तापासून बोलव. आजींना कुठल्या कुशीवर वळवायचं, चहात साखर का घालायची नाही, हे तिला पहिलीकडून शिकू दे. पहिलीला तेवढीच सुट्टी. तिलाही घरी सासू आहे.