गरुडाचा खांदा आणि माझा

खांदा आखडला की माणसाला प्रेरणा मिळू लागते. आपण मागितलेली नसते, डॉक्टरांच्या चिठ्ठीतही लिहिलेली नसते. लोक आणून देतात, घरपोच, सकाळ-संध्याकाळ.

माझा उजवा खांदा आखडायला काही निमित्तही घडलं नव्हतं. पडले नाही, धडपडले नाही, सिलिंडर उचलला नाही. आधी नुसता ठणका लागायचा, तोही रात्री, त्या कुशीवर वळलं की. मग हात मागे जाईना. मग वर जाईना. वरच्या फळीवरचा साबुदाण्याचा डबा समोर दिसतोय, मी खाली उभी आहे आणि हात खांद्याच्या रेषेत येऊन थांबलाय, असं रोज व्हायला लागलं तेव्हा डॉक्टर गाठले.

"फ्रोजन शोल्डर," ते म्हणाले. सांध्याभोवती एक आवरण असतं, त्याला सूज येते, ते जाड होतं आणि आकसतं. साधारण चाळिशी ते साठीत होतं, बायकांना जास्त, मधुमेह असेल तर आणखी जास्त. आधी दुखतं, मग गोठतं, मग हळूहळू सुटतं.

"सुटायला किती दिवस?"

"एक ते तीन वर्षं."

मी दिवस विचारले होते.

या दुखण्याला हे नाव 1934 साली बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन नावाच्या सर्जननं दिलं. आणि नाव देतानाच त्या प्रामाणिक माणसानं लिहून ठेवलं की याची व्याख्या करणं अवघड, उपचार करणं अवघड आणि हे का होतं ते समजावून सांगणंही अवघड. आमच्या आत्याला तिन्ही गोष्टी सोप्या गेल्या. व्याख्या: "वारा धरलाय." उपचार: "तिळाचं तेल कोमट करून लाव." कारण: "दिवसभर तो मोबाइल धरून बसतेस."

घरातली परिस्थिती म्हणाल तर नवऱ्यानं माझे केस बांधायला सुरुवात केली होती. वेणी हा प्रकार त्याच्या आवाक्याबाहेरचा, त्यामुळे तो सगळे केस मुठीत धरायचा, दोनदा पिळायचा आणि फरसाणच्या पुडीला लावतात तसा रबर लावायचा. वर "घट्ट झालं ना?" असं अभिमानानं विचारायचा. इतकं घट्ट व्हायचं की ऑफिसात दिवसभर माझ्या भुवया वर असायच्या आणि साहेबांना वाटायचं, मला त्यांचं म्हणणं पटत नाहीये. देवळात घंटेपर्यंत हात पोचेना. बापानं कडेवर उचललेल्या एका पोरानं घंटा वाजवली आणि माझ्याकडे बघून आणखी एकदा वाजवली. बहुधा माझ्या नावानं. लोकलच्या लेडीज डब्यात डाव्या हातानं कडी धरायची तर पर्स उजव्या खांद्यावर येते, आणि ती पर्स ओढून पुढे सरकणारी एक तरी बाई ठाकुर्लीच्या आत भेटतेच.

अशा वेळी माणसाला काय हवं असतं? कुणीतरी साबुदाण्याचा डबा काढून द्यावा, एवढंच. मिळाली काय, तर प्रेरणा.

फॅमिली ग्रुपवर मामेभावानं पहाटे साडेपाचला गरुडाचं चित्र पाठवलं. पंख पसरलेला गरुड, मागे सूर्य, खाली "संकटात उंच भरारी घे". मी ते चित्र बराच वेळ बघत राहिले. त्या गरुडाचे दोन्ही पंख खांद्यातून कसे सहज, पूर्ण, विनातक्रार वर गेले होते! गरुडाला फ्रोजन शोल्डर झालं असतं तर त्यानं काय केलं असतं, याचा विचार चित्र काढणाऱ्यानं केलेला नव्हता. तो फांदीवरच बसला असता. शेजारच्या फांदीवरच्या गरुडीणबाईंनी त्याला तिळाचं तेल सुचवलं असतं.

गरुडाचा उपयोग होत नाही म्हटल्यावर भाऊ माणसांवर आला. अरुणिमा सिन्हा यांना 2011 साली चालत्या रेल्वेतून ढकलून दिलं गेलं, पाय गमवावा लागला, आणि 2013 साली त्या एव्हरेस्टवर पोचल्या. "बघ जरा," भाऊ म्हणाला. मी बघितलं. थक्क झाले. पण माझे पाय ठणठणीत आहेत, एव्हरेस्टचा प्रश्न नसून फळीचा आहे, हे त्याला पटवून देता आलं नाही.

मामांनी मात्र घरचा माणूस काढला. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात होते, बॉक्सिंग करायचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. बॉक्सिंग गेलं म्हणून पोहायला लागले आणि 1972 साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं, 37.33 सेकंदांत, विश्वविक्रमासह. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक. आणि पद्मश्री? 2018 साली. म्हणजे पोहायला सेकंद लागले आणि दिल्लीला ते कळायला शेहेचाळीस वर्षं. (यावरून खरं तर प्रेरणा घ्यायची ती चिकाटीची, पण मामांना तो मुद्दा नको होता.)

पेटकरांबद्दल मला अपार आदर आहे. पण सकाळी सव्वासातला, ८.०२ ची लोकल डोळ्यांसमोर असताना, पाठीमागचं हूक लावताना ते आठवले की वेगळंच होतं. 37 सेकंदांत तो माणूस 50 मीटर पाणी कापून पलीकडे पोचला. तेवढ्या वेळात माझा अंगठा पाठीच्या कण्यापर्यंतही पोचत नाही. थोरांची आठवण काढली की आपलं दुःख लहान होतं म्हणतात. होतं, नाही कशाला? पण त्याच्याबरोबर आपणही लहान होतो, आणि हूक तसंच राहतं.

घरच्यांनी काही दिवसांनी हात वर केले. मला तेही करता येत नव्हतं. तेव्हा फिजिओथेरपी सुरू झाली.

तिथली मुलगी वयानं माझ्या भाचीएवढी, पण आवाज हेडबाईंचा. आधी शेक. मग टेबलाला डावा हात टेकून कमरेत वाकायचं, उजवा हात लोंबता सोडायचा आणि त्याचे गोल गोल फेरे घ्यायचे. मग ती हात धरून वर न्यायची आणि दहा आकडे मोजायची. सातला तिचा फोन वाजायचा. फोन संपला की पुन्हा पाचपासून. या काळात मला ज्या ज्या देवांची नावं आठवली, त्यांतल्या काहींची देवळं कोकणातसुद्धा नाहीत.

पण तिथेच भिंतीवर ती वस्तू होती. फिंगर लॅडर. लाकडाची उभी पट्टी, तिला खालपासून वरपर्यंत खाचा, प्रत्येक खाचेला आकडा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि दोन बोटांनी एकेक खाच चढत जायचं. जिथे हात थांबेल तो आपला आकडा. माझा चौदा.

आणि माझ्याच वेळेला येणाऱ्या कल्याणच्या एका बाईंचा अठरा.

त्या साठीच्या होत्या. चार दिवस आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसलो. मग त्यांनी शेक घेता घेता सहज विचारलं, "तुमचं कितवर आलं?" मी म्हटलं, "चौदा." त्या म्हणाल्या, "होईल हो, होईल. वय आहे तुमच्या बाजूला."

त्या 'होईल'मध्ये जे होतं, ते गरुडात नव्हतं.

त्या रात्री मी घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्या. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत बोटं चढवायची. दाराला दोरी टांगून ओढायची. आंघोळीनंतर पंचा पाठीमागे धरून वर-खाली. जो व्यायाम डॉक्टरांनी, आत्यानं आणि एव्हरेस्टनं करून घेतला नव्हता, तो मी त्या बाईंसाठी इमानेइतबारे करत होते. चौदाचे सोळा झाले. त्यांचे एकोणीस. माझे अठरा. त्यांचे एकवीस.

एकवीस ऐकून मला संशय आला. दुसऱ्या दिवशी शेकाची पिशवी खांद्यावर ठेवून मी तिरक्या नजरेनं पाहिलं. हात एकोणिसाला थांबला, आणि मग बाईंनी टाचा उचलल्या! निळ्या पट्ट्याच्या चपलांमधून त्या टाचा चांगल्या दोन बोटं वर आल्या. मी फिजिओच्या मुलीला म्हटलं, "काय गं, टाचा टेकलेल्या असाव्या लागतात ना? मला माझ्यासाठी विचारायचंय." ती म्हणाली, "अर्थात." मोठ्यानं म्हणाली. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, पण एकोणिसावर आल्या.

असं छान चाललं होतं. मी हुकापर्यंत पोचले. नवऱ्याकडून केसांचं खातं काढून घेतलं (त्याला थोडं लागलं ते). आणि एका सोमवारी बाईंनी सगळ्यांना पेढे दिले. "झालं माझं," म्हणाल्या. हात सरळ वर, कानाला टेकवून दाखवला. टाचा जमिनीवर. मी पेढा खाल्ला.

त्यानंतर माझा आकडा तेवीसवर बसला तो बसलाच. भिंत तीच, खाचा त्याच, पण चढायचं कुणाच्या नाकावर टिच्चून? फिजिओची मुलगी म्हणाली, "मॅडम, मोटिव्हेशन कमी पडतंय." घरी हे सांगायची चूक नको म्हणून नवऱ्याला बजावलं होतं, तरी तो बोललाच. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पहाटे गरुड, दुपारी मुंगी आणि रात्री एक डोंगर फोडणारा म्हातारा आला.

मग परवा शेक घेत बसले होते, तर दार उघडलं आणि निळ्या पट्ट्याच्या चपला आत आल्या. बाई पडलेल्या चेहऱ्यानं उभ्या. "आता डावा धरला हो," म्हणाल्या. एकाचा बरा झाला की काही जणांना दुसरा धरतो, हे डॉक्टरांनी मलाही सांगून ठेवलेलं आहे.

"अरेरे!" मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, दुखतं का रात्री म्हणून विचारलं. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं, त्या लॅडरकडे गेल्या, डाव्या हाताची दोन बोटं लावली आणि मोजायला सुरुवात झाली. अकरा, बारा, तेरा.

मी खुर्ची जरा सरकवून घेतली, टाचा दिसतील अशी.