निम्म्यापासून घासाघीस?

‘मॅक्लोडगंजच्या बाजारात सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासूनच घासाघीस सुरू करा’ हा हिमाचलमधल्या या तिबेटी वस्तीवरच्या तुमच्या लेखातला सल्ला सरसकट पटला नाही. तिथल्या टेम्पल रोडवर एका तिबेटी आजींकडे ‘सिंगिंग बोल’ (काठावरून दांडा फिरवला की घुमणारा धातूचा वाडगा) घेताना मी नेमकं तेच केलं. वाद न घालता त्यांनी दोन वाडगे पुढे ठेवले आणि काठावरून लाकडी दांडा फिरवला. पहिला जरासा गुणगुणून गप्प झाला; दुसरा तळहाताला झिणझिण्या येईपर्यंत घुमत राहिला. पहिला मशीनवरचा, दुसरा हातानं ठोकलेला. मुकाट्यानं पैसे मोजले.

स्वेटरचं मात्र लिहायला हवं होतं. बराचसा माल लुधियानाचा. हिवाळ्यात आपल्याकडे लागणाऱ्या तिबेटी स्टॉलवरही तोच असतो. आम्ही ‘खास हिमालयातले’ म्हणून चार वाहून आणले, वर विमानात जादा वजनाचे पैसे भरले ते वेगळेच!