दिवा लागला म्हणजे चार्जर चांगला?

‘चार्जरचा दिवा लागतोय, तरी लॅपटॉप चार्ज होत नाही? मदरबोर्ड गेला. ८० टक्क्यांवर अडकला? बॅटरी संपली. जास्त वॅटचा चार्जर लावू नका, जळेल. टाइप-सी असेल तर मोबाइलचा चार्जर बिनधास्त लावा.’ हा फॉरवर्ड वाचून लोक थेट बोर्डाचा भाव विचारायला दुकानात जातात.

आधी दिव्याचं बघू. तो बहुधा असतो अडॅप्टरच्या डबीवर. पुढची वायर पिनेच्या मानेशी आतून तुटली असली तरी तो लागतोच. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) डीसी व्होल्टवर ठेवून पिन तपासा. डबीवर १९.५ व्होल्ट छापलं असेल तर साधारण तेवढंच दिसायला हवं. दिसलं तरी लगेच निर्धास्त होऊ नका; लॅपटॉपने करंट ओढायला लागला की ज्यांचं व्होल्टेज पडतं, असे अडॅप्टरही असतात.

खरी गोम मधल्या सुईत. डेल, एचपीच्या बऱ्याच गोल पिनांत मधोमध बारीक सुई असते. चार्जिंगचा करंट तिच्यातून जात नाही. अडॅप्टर कोणता, हे ती लॅपटॉपला कळवते. डेलमध्ये ती वाकली किंवा तिची केसाएवढी तार तुटली, की लॅपटॉप चालतो, पण रखडत, आणि बॅटरी भरत नाही. सुरू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) बॅटरीची माहिती उघडा. अडॅप्टरपुढे ‘अननोन’ आलं, तर ओळखीतल्या कुणाचा तसाच ओरिजिनल चार्जर लावून बघा. त्याने चार्ज झाला, तर दोष तुमच्या अडॅप्टरचा. नाही झाला, तर जॅक, म्हणजे लॅपटॉपवरचं पिन खुपसायचं भोक, बघायला सांगा. बऱ्याच मॉडेलांत तो वायरसकट सुटा मिळतो. बोर्ड कधी जातच नाही असं नाही, पण त्याची पाळी शेवटी.

८० टक्क्यांवर अडकणं म्हणजे बहुतेकदा कंपनीच्या ॲपमधलं बॅटरी जपायचं सेटिंग. बंद करा, झालं.

वॅटचं तर चक्क उलटं सांगितलंय. व्होल्टेज आणि पिन तीच असेल तर ६५ वॅटच्या लॅपटॉपला ९० वॅटचा अडॅप्टर खुशाल लावा. लॅपटॉप लागेल तेवढाच करंट ओढतो. घात होतो चुकीच्या व्होल्टेजने.

टाइप-सीत फोनचा १८ वॅटचा चार्जर सहसा ९ किंवा १२ व्होल्टपर्यंतच जातो, लॅपटॉपला बहुधा २० लागतात. केबलही बघा: ६० वॅटच्या वर ५ अँपिअरची, चिपवाली केबल लागते.

आणि टचपॅड वर उचलला गेला असेल, तर यातलं काहीही करून बघू नका. बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या.